बाबा रागावलेले नाहीत



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर मुलांना क्लासला सोडून गाडीत बसल्या बसल्या वाचा. मीही हे तसंच लिहितेय, प्लेनोतल्या एका पार्किंग लॉटमध्ये, एसी चालू ठेवून.

विषय पार्किन्सन्सचा आहे. "आमच्याकडे कुणाला नाही" म्हणून पुढे जाऊ नका. आमच्याकडेही कुणाला नव्हता. म्हणजे होता, पण आम्हाला तीन वर्षं दिसला नाही. आणि मी स्वतः सीए आहे, कागदावरची गडबड पकडणं हा माझा धंदा आहे, तरी दिसला नाही. म्हणून लिहितेय.

सुरुवात एका चेकपासून झाली. २०१९ ची दिवाळी होऊन गेली होती. बाबांनी चिंचवडहून सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक दिला आणि तो परत आला, सही जुळत नाही म्हणून. बाबा वैतागले. मी इकडून फोनवर त्यांनाच झापलं, "अहो बाबा, घाईघाईत कशाला सही करता? बँकेत जाऊन नवीन नमुना सही देऊन या." ते गेले, देऊन आले. सहा महिन्यांनी नवी सहीसुद्धा जुळेना. माझे बाबा भोसरीच्या कारखान्यात टूलरूमला होते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलणारा माणूस. त्यांची सही मोठी, ऐसपैस असायची. माझ्याकडे त्यांचे सगळे इन्कम टॅक्सचे कागद आहेत. आता मी ते ओळीनं लावून बघते तेव्हा दर वर्षी सही लहान होत गेलेली स्पष्ट दिसते. पहिलं अक्षर बरं, पुढची अक्षरं आकसत आकसत शेवटी मुंगीएवढी. याला मायक्रोग्राफिया म्हणतात आणि हे पार्किन्सन्सच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असू शकतं. त्या फायलीतली प्रत्येक रक्कम मी तपासली होती. सह्यांकडे बघितलं नव्हतं.

मग उजवा खांदा धरला. फ्रोजन शोल्डर म्हणून वर्षभर शेक, व्यायाम, गोळ्या. डॉक्टरांना दोष देत नाही, वयानुसार खांदे धरतातच. पण एका बाजूचा खांदा आखडणं, चालताना एकच हात न हलणं, हेही याच आजाराचं असू शकतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यात कोविड. दीड-दोन वर्षं भेट नाही. सगळं नातं सहा इंची स्क्रीनवर.

आणि त्या स्क्रीननंच आम्हाला फसवलं.

व्हिडिओ कॉलवर बाबा गप्प असायचे. चेहरा कोरा. आवाज खोल गेलेला. मला वाटायचं फोनचा माइक खराब आहे, म्हणून मी नवीन फोन पाठवला. (हसा, मीही हसते आता.) माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती त्यांना शाळेतली गंमत सांगायची आणि समोरून काहीच नाही, ना हसू, ना भुवई वर. एके रविवारी ती कॉलला आलीच नाही. खोलीत जाऊन विचारलं तर म्हणाली, "आजोबा इज ऑलवेज मॅड ॲट मी." मी तिला समजावलं की आजोबा म्हातारे झालेत, दमतात. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की ते रागावलेत. मी इकडे राहिले, परत आले नाही, त्याचा राग. त्या एका गैरसमजात आम्ही जवळजवळ वर्ष काढलं. कॉल छोटे होत गेले.

चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो. आत माणूस हसत असतो, बाहेर पोचत नाही. हे मला २०२२ मध्ये कळलं, चिंचवडला गेले तेव्हा. विमानतळावरून घरी आले, बाबा दारापर्यंत आले आणि मी त्यांना चालताना बघितलं. एवढंच. पाच पावलं. उजवा हात शरीराला चिकटलेला, पावलं घासत, वळायला चार-पाच छोटी पावलं. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी हात उघडमीट करायला लावला, बोटं आपटायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि सांगितलं. रक्ताच्या रिपोर्टवर हा आजार सांगता येत नाही. तो जाणत्या डॉक्टरच्या डोळ्यांनीच ओळखायचा असतो.

आपल्याकडे याला कंपवात म्हणतात, आणि माझ्या मते या नावानंच अर्धा घोळ केलाय. कंप म्हटलं की आपण थरथरणारा हात शोधतो. बाबांचा हात थरथरत नव्हता. काही जणांना कंप येतच नाही, मुख्य त्रास असतो हालचाली मंदावण्याचा आणि ताठरपणाचा. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये यावर निबंध लिहिला, त्यानंही नावात थरथरणंच घातलं. पण त्या निबंधातली गंमत अशी, की त्यानं वर्णन केलेल्या सहा माणसांपैकी काही जण त्याला नुसते रस्त्यात दिसलेले. त्यांना चालताना बघून त्यानं ताडलं. दोनशे वर्षांनंतर आपण आई-वडिलांना रोज बघतो, पण छातीपर्यंतच बघतो.

म्हणून माझी पहिली विनंती. पुढच्या कॉलला आईला सांगा, "फोन जरा धर, बाबांना हॉलमधून गॅलरीपर्यंत चालू दे." बाबांना शर्टाची बटणं लावायला सांगा, एका कागदावर चार ओळी लिहून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. आणि आईशी (किंवा आईला त्रास असेल तर बाबांशी) एकटीशी बोला. विचारा, झोपेत ओरडतात का, लाथा मारतात का? फोडणीचा वास येतो का? बद्धकोष्ठता किती वर्षांची आहे? वास जाणं, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, पोट साफ न होणं, ही लक्षणं हालचाल बिघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात. यातलं एखादं असलं म्हणजे पार्किन्सन्सच असं मुळीच नाही, नाहीतर निम्मा महाराष्ट्र रुग्ण ठरेल. पण तीन-चार एकत्र दिसली तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आमच्या आईला सगळं माहीत होतं. बाबा झोपेत लाथा मारतात म्हणून ती दोन वर्षं दुसऱ्या खोलीत झोपत होती. "तुला कशाला तिकडे काळजी," म्हणून बोलली नाही. आणि मी विचारलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. यावर माझ्याशी बरेच जण भांडतील, भांडा.

निदान झाल्यावर मी केलं ते आपण सगळेच करतो. तिकिटं काढली. २०२३ च्या मे महिन्यात दोघांना प्लेनोला आणलं, सहा महिन्यांसाठी. मनात गणित असं की इथे घर मोठं, हवा स्वच्छ, डॅलसला यूटी साउथवेस्टर्नसारखं मोठं विद्यापीठ-रुग्णालय अर्ध्या तासावर, आणि मी डोळ्यासमोर. कागदावर सगळं जुळत होतं.

प्रत्यक्षात घर मोठं म्हणजे बेडरूम वर, जिना कार्पेटचा. पाय घासत चालणाऱ्या माणसाला जाड कार्पेट म्हणजे चिखल. बाथटबची कड ओलांडणं हे रोजचं युद्ध. जूनपासून बाहेर शंभर फॅरनहाइट. या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब खाली जाऊ शकतो, उन्हानं तो त्रास वाढतो, त्यामुळे फिरणं बंद. चिंचवडला ते सकाळी बागेत जायचे, तिथे चार मित्र, परतताना भाजी, वाटेत किराणावाल्याशी गप्पा. आम्ही राहतो त्या भागात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. मी आणि नवरा कामावर, मुलगी कॅम्पला. आठ-नऊ तास दोघं म्हातारी माणसं टीव्हीसमोर. हालचाल हेच ज्या आजारात औषधाइतकं महत्त्वाचं, तिथे मी त्यांना सोफ्यावर आणून बसवलं.

वर माझा शहाणपणा. बाबा वाळलेत म्हणून मी सकाळी गोळीबरोबर प्रोटीन पावडरचं दूध सुरू केलं. आठवड्यात गोळीचा गुण येईना. लिव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून आणि पुढे मेंदूत जाताना एकाच दारावर रांग लावतात. प्रथिनं जास्त झाली की औषध मागे राहतं. बऱ्याच जणांना गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यायला सांगतात ते यासाठी. प्रथिनं बंद करायची नसतात, वेळ सांभाळायची असते, आणि ती वेळ तुमच्या डॉक्टरनं ठरवायची असते.

जुलैत ते बाथरूमच्या दारात थबकले आणि पडले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात किंवा वळताना हमखास. हाड मोडलं नाही, नशीब. पण इमर्जन्सीला जावं लागलं आणि मग कळलं की व्हिजिटर विमा घेताना "आधीपासूनचा आजार वगळून" ही जी ओळ आपण वाचून सोडून देतो, ती काय असते. बिलाची बेरीज मी दोनदा केली, सवयीनं. ग्रीनकार्डचं म्हणाल तर तेही तपासलं. पासष्टीच्या पुढच्या पालकांना इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर पैसे भरूनही मिळत नाही. तोवर मार्केटप्लेसचा विमा घ्यावा लागतो. घेता येतो, आधीचा आजारही त्यात चालतो, पण हप्ता बघून मगच बोला.

सप्टेंबरात बाबा एका संध्याकाळी म्हणाले, अगदी हळू, मला दोनदा विचारावं लागलं, "मला इथे आजारी असण्याशिवाय दुसरं काही काम नाही गं."

ते परत गेले. मी पोचवायला गेले आणि महिनाभर तिथून काम केलं. त्या महिन्यात मला एकीनं पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाबद्दल सांगितलं. सभेला गेलो. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला आधी हे शब्द जरा गोडगोड वाटले, प्रामाणिकपणे सांगते. मग बाबांना बघितलं. त्यांच्याच वेगानं चालणारी, त्यांच्यासारखीच थबकणारी माणसं खोलीभर, कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही, कुणाला घाई नाही. चहाचा कप हिंदकळला तर सगळे हसतात. बाबांनी दोन वर्षांत पहिल्यांदा अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात केली, विषय होता दारात अडकलेला पाय कसा सोडवायचा. एका गृहस्थांनी सांगितलं की जमिनीवर आडवी रेघ आहे असं समजून ती ओलांडायची, किंवा मनात ताल धरायचा. बाबा वारकऱ्यांच्या घरातले. टाळाच्या ठेक्यावर पाऊल लगेच सुटलं. ही जादू नाही. आपसूक होणारी हालचाल अडते तेव्हा बाहेरून रेघ किंवा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करतो. आता घरात दोन्ही दारांत फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली आहे.

पुण्यातच हृषीकेश पवार या नर्तकानं पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिसच्या नृत्यसंस्थेनं २००१ पासून असे वर्ग चालवले, त्याच जातीचं काम. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्येच पार्किन्सन्ससाठी सोसायटी सुरू केली, तिचे आधारगट महाराष्ट्रात इतर गावांतही आहेत. हे सगळं मला टेक्सासमध्ये बसून माहीत नव्हतं. मी डॅलसचे डॉक्टर शोधत होते.

तर माझं मत असं: निदान झालं की त्यांना इकडे ओढू नका. निदान पहिली काही वर्षं तरी नाही. तुम्हीच जा. सहा महिने त्यांनी येण्याऐवजी वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे तुम्ही जा, आणि त्यातली एक खेप न्यूरॉलॉजिस्टच्या अपॉइंटमेंटला जुळवून घ्या. इथेही गट आहेत, व्यायामाचे वर्ग आहेत, कायम इथेच राहणाऱ्यांनी ते जरूर शोधावेत. पण ज्यांची भाषा, बाग आणि किराणावाला तिकडे आहे, त्यांचं अर्धं औषध तिकडे आहे.

"तुला सोपं आहे, तुझं कुणीतरी असेल तिकडे." नाही. भाऊ मेलबर्नला आहे. आई एकाहत्तर वर्षांची, बीपीची. ब्युरोचा माणूस ठेवायला ती वर्षभर तयार नव्हती, "मी असताना परका माणूस कशाला." शेवटी भाऊ आणि मी पैशाचा विषयच काढला नाही. तिला म्हटलं, तू रोज सकाळी दोन तास घराबाहेर जायचंस, तेवढ्यापुरता माणूस. ती भजनी मंडळात परत जायला लागली. आजाराचा हिशोब मांडताना आपण एकाच माणसाचं खातं उघडतो. दुसरं खातं आईचं असतं आणि ते आधी रिकामं होतं. बाबांची पुढची पायरी आली की काय करायचं, ते आमचं ठरलेलं नाही. रात्री तीनला तो प्रश्न पडतोच.

आता माझ्या धंद्यातलं थोडं, कारण हे कुणी सांगत नाही.

नमुना सही आजच अपडेट करा आणि खातं संयुक्त करून घ्या, दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं. हात अगदीच चालेना झाला तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेचे तसे नियम आहेत, शाखेत शांतपणे सांगा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. अमेरिकेत माणसाचं भान गेलं तरी टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारतात देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं. या आजारात काहींना पुढे विस्मरण होतं, म्हणून मृत्युपत्र, नॉमिनी, सगळं ते स्वतः ठणठणीत विचार करू शकतात तोवर करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो.

खात्यातून विचित्र पैसे जाताना दिसले, ऑनलाइन रमी, नको ती खरेदी, तर आधी ओरडू नका, औषधांची यादी बघा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागतो. डॉक्टरांना लगेच सांगा, गोळी मात्र आपली आपण बंद करू नका. अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

आणि गोळ्यांचे आकडे. भारतातल्या सिंडोपाच्या पाकिटावर ११० लिहिलं असतं, ती बेरीज आहे: १०० लिव्होडोपा, १० कार्बिडोपा. अमेरिकेत २५-१०० लिहितात, पहिला आकडा कार्बिडोपाचा. म्हणजे इथल्या २५-१०० ला तिथली सिंडोपा प्लस जुळते, ११० नाही. मे महिन्यात मी इथल्या डॉक्टरांना नुसतं "एकशे दहा" सांगितलं होतं, ते माझ्याकडे बघतच राहिले. पाकिटाचा फोटो फोनमध्ये ठेवा, मिलिग्रॅमसकट.

फ्रिजवर दुसरी यादी लावा: न द्यायच्या औषधांची. उलटी-मळमळीसाठी सर्रास मिळणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्करीसाठीचं स्टेमेटिल, ही डोपामिन अडवतात आणि आजार वाढल्यासारखा होतो. बाबांना चक्कर येते म्हणून एका दवाखान्यात तसली गोळी मिळाली होती, चार दिवस ते खुर्चीतून उठले नाहीत. खाजकुयलीचं चूर्ण सुचवणारा एक नातेवाईक प्रत्येकाकडे असतो. त्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असतं, त्यात खोटं काही नाही. म्हणूनच ते गुपचूप गोळीच्या वर देऊ नका.

मुलीचं सांगायचं राहिलं. तिला मी सगळं सांगितलं, चित्र काढून. तिनं विचारलं, "मग त्यांना आत हसू येतं?" म्हटलं, हो. तेव्हापासून ती त्यांना विचारते, "आजोबा, आत्ता हसलात का?" आणि ते "हो" म्हणतात. आवाजासाठी मोठ्यानं वाचायचा व्यायाम सांगितलाय, तो आता तिच्याकडे आहे. ते तिला पेपर वाचून दाखवतात, ती इकडून ओरडते, "आजोबा, लाउडर!" तिचं मराठी त्यात सुधारलंय, राशिभविष्याचं तर विशेष.

कॉलची वेळ आता मी ठरवत नाही, गोळी ठरवते. बाबा सातला गोळी घेतात, आठला त्यांचा चेहरा जरा सैल झालेला असतो. तिथले सोमवारचे सकाळचे आठ म्हणजे आमच्याकडे रविवारचे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेआठ होतील, आणि तेव्हा हिची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस संपून आम्ही नुकत्या घरी पोचलेल्या असू. तेव्हा गाडीतूनच कॉल लावू. जेवण नंतर.